चेहरा जुळत नाही

१

आमच्या ऑफिसात एक गडी आहे. चहा मागत नाही, रजा मागत नाही, उलटून बोलत नाही. माझा भागीदार पप्पू त्याला 'गडी'च म्हणतो. खरं तर तो माणूस नाही, कॉम्प्युटरमधला एआय मदतनीस आहे. आधी तो नुसता कोड लिहून द्यायचा. आता त्याच्या हातात सरळ ब्राउझर देता येतो. वेबपेज तोच उघडतो, बटणं तोच दाबतो, कुठं अडलं तर चूक शोधतो, पडद्याचा फोटो काढतो आणि काय दिसलं ते शेजारच्या चौकोनात लिहितो. आपण खुर्चीत बसून माऊसचा बाण आपला आपण फिरताना बघायचा. सुरुवातीला मला ती भुताटकी वाटायची. आठवड्याभरात मी त्याच्यावर ओरडायला लागले.

मी अपेक्षा. विश्रामबागेत एका जिन्यावरच्या खोलीत आमचं ऑफिस आहे. नवरा फौजेत, पठाणकोटला. माहेर जतकडचं, मेंढरं राखणारं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं बोलत नाहीत.

परवाच्या दिवाळीनंतर एका सकाळी पप्पू म्हणाला, कुपवाडचं एक काम आलंय. पावडर कोटिंगचा कारखाना. दारावर चेहरा बघून हजेरी लावायचं पेज आहे, ते सारखं अडतंय. ज्यानं बनवलं तो पुण्याला पळाला. मालकाचं नाव नानासो.

मी चहाचा कप खाली ठेवला. पप्पूला काही माहीत नव्हतं. त्या नानासोलाही माहीत असायचं कारण नव्हतं, लग्नानंतर माझं आडनाव बदललंय. मी म्हटलं, घे काम, मी बघते.

त्या कारखान्यात माझा भाऊ सिद्धू मेला होता.

२

पावडर कोटिंग म्हणजे रंगाचीच एक तऱ्हा. लोखंडी खिडक्या, कपाटं, खुर्च्यांचे पाय हुकाला टांगायचे, त्यांच्यावर कोरडी पावडर उडवायची आणि मग भट्टीत घालून भाजायचं. भट्टी म्हणजे चूल नव्हे. माणूस उभा राहील एवढी पत्र्याची खोली असते, तिला जाड दार. शनिवारी दुपारी काम संपलं की आत शिरून ती झाडायची, हे सिद्धूचं काम होतं.

त्या शनिवारी तो गावी यायचा होता. आला नाही. दिवस कलला तसा आईनं मालकाला फोन लावला. तो काय म्हणाला ते आई आजही जसंच्या तसं सांगते, त्याचा आवाज काढून सांगते. "सिस्टीम दाखवतीय, बाहेर गेलाय. असंल कुठंतरी, येईल."

सुट्टीनंतर कारखाना उघडला तेव्हा सिद्धू भट्टीत सापडला, गुदमरून मेलेला. दाराची आतली मूठ तुटलेली होती. मालकानं पोलिसांना सांगितलं की कॉम्प्युटर सांगतोय पोरगा बाहेर गेला होता, म्हणजे मागच्या खिडकीतनं परत शिरला असणार, तांब्याच्या वायरी चोरायला. पोलिसांनी तसंच लिहिलं. गावात बातमी आमच्या आधी पोहोचली. आता बाजारात आई शेजारी बसली की बायका पिशवी जवळ ओढून घेतात. माझ्या आईच्या शेजारी! तानुबाईच्या! जिनं आयुष्यात दुसऱ्याच्या रानातलं कणीस मोडलं नाही.

आईचं मागणं एकच आहे. "एकदा कुनीतरी म्हनावं गं, माझं लेकरू आतच हुतं. चोर न्हवतं."

आमच्यात मेंढरं बोट दाखवून मोजत नाहीत. तिन्हीसांजेला आई वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभी राहायची आणि आत जाणाऱ्या एकेकीचं तोंड बघायची. शंभर मेंढरांची शंभर तोंडं तिला वेगळी दिसतात. एक जरी तोंड दिसलं नाही तरी वाडग्याच्या दाराला काट्याचा झापा लावायचा नाही, मग कितीही अंधार पडो. सिद्धू गेला त्या दिवसापासून तिनं झापा लावलेला नाही. लांडग्यानं कोकरं नेली. वडील चिडले, भावकी चिडली. ती म्हणाली, अजून एक याचा हाय.

३

मी गड्याला कारखान्याच्या दारावरचा ब्राउझर जोडून दिला. दाराच्या आतल्या बाजूला एक कॉम्प्युटर, त्यावर कॅमेरा, शेजारी हात धुवायचा नळ. सकाळी कामगार कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की हिरवी अक्षरं येतात आणि तो 'आत' होतो. संध्याकाळी परत उभा राहिला की 'बाहेर'. सगळे बाहेर झाले की दिवस बंद होतो आणि दाराला आपोआप कुलूप पडतं. अडचण अशी की संध्याकाळी पेज लाल व्हायचं आणि 'चेहरा जुळत नाही' म्हणत बसायचं.

आधी मी सिद्धूची जुनी नोंद शोधली. नव्हतीच. नाव, फोटो, सगळं पुसलेलं. तो तिथं कधी कामाला होता असं वाटू नये इतकं स्वच्छ.

मग नानासोचा फोन आला. खुशीत होता. मला मॅडम मॅडम करत होता.

"त्याचं काय हाय मॅडम, संध्याकाळी पोरं पावडरीनं नुसती राखाडी झालेली असत्यात. कॅमेरा वळखतच न्हाई. मग जी राहत्यात त्यांना मी आपला हातानं बाहेर करतो. बटन हाय तसं. त्याबिगर कुलूप पडत न्हाई."

"हातानं बाहेर करायच्या आधी आत जाऊन बघता का?"

तो हसला. कशाला, म्हणाला, सगळी गेलेलीच असतात. पहिल्यापासून असंच करतो.

मी फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन बसले. एवढं सोपं होतं. माझा भाऊ भट्टी झाडत होता, आणि या माणसाला घरी जायची घाई होती म्हणून त्यानं एक बटण दाबलं. मला रडू आलं नाही. राग असा चढला की कानात पाणी गेल्यासारखं काही ऐकू येईना. पप्पू विचारत आला, काय झालं? म्हटलं, पंखा नीट चालत नाही. बिचारा खरंच स्टूल घेऊन पंख्याकडं बघत बसला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी, कारखाना उघडायच्या आधी, मी गड्याला काम सांगितलं. लिहिताना माझ्या लक्षात आलं की मी आईचंच बोलणं लिहितेय. 'हाताने बाहेर करायचं बटण काढून टाक. जो चेहरा आत गेला तोच बाहेर जाताना दिसला पाहिजे. एक जरी राहिला तरी दिवस बंद करायचा नाही, कुलूप लावायचं नाही.' मालकाला आधीच कळवलं होतं की पोरांना नळावर तोंड धुऊन मग कॅमेऱ्यासमोर उभं राहायला सांगा. तो 'बरं' म्हणाला होता, त्याला यात काही वावगं दिसलं नाही.

बाण फिरला. पेज उघडलं, मिटलं, परत उघडलं. गड्यानं लिहिलं, 'नियम बसवला. चाचणी घेतली. दिवस बंद करता येत नाही. एक जण आत आहे.'

माझ्या पडद्यावर 'आत' च्या पुढं शून्य होतं. कॅमेऱ्याच्या चौकटीत रिकामी शेड, रांगेत लोंबणारे हुक आणि पार टोकाला भट्टीचं दार.

मी लिहिलं, 'कोण?'

'नाव यादीत नाही. चेहरा आहे.'

५

मी अडाणी नाही. असल्या गोष्टींना कारणं असतात, आणि ती कारणं शोधायचं मी काम करते. ब्राउझर जुनं काहीतरी साठवून ठेवतो, तेच परत दाखवतो. सगळं पुसायला लावलं. ब्राउझर बंद करून नवा उघडायला लावला. दरवेळी गड्याचं उत्तर तेच, शांत, मुकाट. एक जण आत आहे.

शेवटी म्हटलं, काय दिसतंय त्याचा फोटो दे.

फोटो आला. तीच शेड, तेच हुक. फक्त चौकटीच्या खालच्या कडेला राखाडी काहीतरी होतं. कॅमेऱ्याखाली कुणी उकिडवं बसलं तर कपाळाचा वरचा भाग दिसेल तेवढंच. मी माझ्या पडद्याकडं बघितलं. तिथं काही नव्हतं. मी स्वतःशीच मोठ्यानं म्हटलं, पावडर आहे, काचेवर बसलीय. पप्पू म्हणाला, काय गं? काही नाही म्हटलं.

दुसरा फोटो मागितला. ते कपाळ थोडं वर आलं होतं. डाव्या भुवईच्या मधोमध खाच दिसत होती.

लहानपणी एडक्यानं सिद्धूला शिंग मारलं होतं. भुवई फाटली. मीच त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात पळाले होते, आणि तो वाटभर म्हणत होता, आक्का, एडक्याला मारू नको, त्याची चूक न्हाई.

मला हवं होतं म्हणून दिसलं असेल. असं मी अजूनही म्हणून बघते. म्हणून तर मी गड्याला विचारलं. त्याला माझा भाऊ माहीत नाही, त्याला दुःख नाही, त्याला जे दिसतं तेच तो सांगतो.

'फोटोत काय आहे ते लिही.'

'एक व्यक्ती. चेहऱ्यावर राखाडी पावडर. डाव्या भुवईत खाच. व्यक्ती कॅमेऱ्याकडे बघत नाही.'

'मग कुठं बघतीय?'

'भट्टीच्या दाराकडे.'

मी फोटो बंद केला. मग पप्पूला सांगितलं, काम झालंय, शनिवारपासून चालू करू. पप्पूनं विचारलं, काही अडचण नाही ना? म्हटलं, नाही. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. माझं लेकरासारखं भावंड तिथं आत बसलं होतं आणि कुणाची तरी वाट बघत होतं. बघू दे, म्हटलं.

६

शनिवारी दुपारी पप्पू जेवायला घरी गेला. मी पडद्यासमोर बसले. कुपवाडातली पोरं एकेक करून नळावर तोंड धूत होती, कॅमेऱ्यासमोर उभी राहत होती, हिरवी होत होती. बाहेर गाड्या चालू झाल्याचे आवाज येत होते. हळूहळू शेड रिकामी झाली.

'आत' च्या पुढं एक राहिला. या वेळी माझ्याही पडद्यावर.

नानासोचा फोन आलाच. खुशी संपली होती. कसलं काम केलंय तुम्ही, मी पाव्हण्यांकडं जेवायला चाललोय, कुलूप पडत नाही, बटण कुठं गेलं? मी शांतपणे सांगितलं की आत कुणीतरी आहे, बघून या. तो म्हणाला, कुत्रं नाही आत. म्हटलं, मग बघायला काय जातंय? दार उघडं टाकून जाणार आहात का?

शिव्या देतच तो आत शिरला. कॅमेऱ्यानं त्याला ओळखलं. 'नानासो, आत.' पुढचा आकडा दोन झाला. चौकटीत त्याची पाठ लांब जाताना दिसत होती. फोन कानालाच होता. मोकळ्या शेडमध्ये त्याच्या चपलांचा आवाज मला दोनदा ऐकू यायचा, एकदा फोनमधून आणि एकदा कॉम्प्युटरमधून. कॉम्प्युटरमधला जरा मागं पडायचा. कुणी त्याच्या मागनं चालावं तसा.

"न्हाई कुनी," तो म्हणाला.

"भट्टीत बघा."

चपला थांबल्या. "भट्टीत का?"

"मालक, सिद्धू बाहेर जाताना तुम्ही त्याचं तोंड बघितलं होतं का?"

मग त्यानं विचारलं, तुम्ही कोण. मी सांगितलं. म्हटलं, मी त्याची आक्का. माझ्या आईनं फोन केला होता तुम्हाला. तेव्हा तो जिवंत होता, मालक. तुम्ही दार उघडलं असतं तर तो चालत बाहेर आला असता.

"पावडरीनं भरली की सगळी सारखीच दिसत्यात, बाई." त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "मी बघितलंच न्हाई. दाबलं बटन. नंतर सांगायचं काय, म्हनून ते चोरीचं..." आणि मग मध्येच, वेगळ्याच सुरात, तो म्हणाला, "कोन हाय रं तिकडं?"

चौकटीत मला तो भट्टीच्या दाराशी दिसत होता. दार उघडं होतं. तो वाकून आत बघत होता, ओळखीचं कुणी हाक मारल्यावर बघावं तसा. मग त्यानं एक पाय आत टाकला. फोनमध्ये खरखर झाली. दाराचा जड, बसका आवाज आला आणि फोन कटला.

शेडमध्ये काही हललं नाही. टांगलेल्या हुकांपैकी एक मात्र डुलत होता.

गड्यानं लिहिलं, 'एक जण बाहेर येतो आहे.'

नळ चालू झाल्याचा आवाज आला. चौकटीच्या कडेला एक पाठ होती, बारीक, वाकलेली. तोंडावर पाणी मारून घेत होती. खूप वेळ मारत होती. मी नाव घेतलं असावं, कारण पाठ थांबली. मग ती वळून कॅमेऱ्यासमोर आली, आणि मी सगळं बघितलं नाही. अर्धं धुतलेलं तोंड बघितलं, भुवई बघितली. पुढं माझ्याच्यानं मान वर करवेना. मान वर केली तेव्हा चौकट रिकामी होती आणि पडद्यावर हिरवी अक्षरं होती.

'चेहरा जुळला.'

७

आईचा फोन आला. ती कधी या वेळेला फोन करत नाही, मेंढरं चरायला असतात. तिला माझं काही ऐकायचं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आपू, मेंढरं आज आपनहून लौकर फिरली गं. झापा लावला बघ. सगळी आली."

मी विचारलं, सगळी म्हणजे? तिनं फोन ठेवला होता.

पडद्यावर 'आत' च्या पुढं एक होता. गड्यानं लिहिलं, 'एक जण आत आहे. दिवस बंद करता येत नाही. काय करू?'

मला दया आली का? आली. नाही कशाला म्हणू. कुपवाडला जायला गाडीवर कितीसा वेळ लागतो. तिथं शेजारच्या कारखान्यात माणसं असतात, एक फोन केला असता तरी दार उघडलं असतं. आणि तो जिवंत बाहेर आला तर चारचौघांत सांगू शकला असता की सिद्धू चोर नव्हता. आईला तेवढंच तर हवं होतं. पण तो सांगणार नाही हे मला माहीत होतं. अंधाऱ्या भट्टीच्या तोंडाशी एकट्यानं भिऊन बोलला ते बोलला. उन्हात आला की परत मालक झाला असता, आणि आम्ही परत चोर.

मी लिहिलं, 'हाताने बाहेर कर.'

'ते बटण काढून टाकलं आहे. परत बसवू?'

'बसव.'

बाण फिरला. बटण आलं, पूर्वीच्याच जागी. बाण त्याच्यावर जाऊन थांबला आणि दबला. आकडा शून्य झाला. गड्यानं लिहिलं, 'दिवस बंद केला. दाराला कुलूप लावलं.'

मी माझा डबा उघडला. भाकरी होती, गार झालेली. खाल्ली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. पोरगा होता, आवाजानं विशीतला. म्हणाला, ताई, मी विश्वजित, नानासोंचा मुलगा. बाबांचा फोन लागत नाही, पाव्हण्यांकडं पोहोचले नाहीत. गाडी कारखान्याबाहेर आहे पण दाराला कुलूप आहे. तुमच्या त्यात काही दिसतं का? त्या पोरानं माझं काही वाकडं केलं नव्हतं.

माझ्या पडद्यावर रिकामी शेड होती. कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून, लांबून, पत्र्यावर कुणीतरी हातानं थापा मारल्याचा आवाज येत होता. मी आवाज कमी केला.

"सिस्टीम दाखवतीय, बाहेर गेलेत," मी म्हटलं. "असतील कुठंतरी, येतील."